विज्ञान दिनाच्या गर्दीतून एआय संशोधनापर्यंत: पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

२०१७ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये सोफिया ही यंत्रमानव साडी नेसून व्यासपीठावर आली, तेव्हा तिला पाहायला विद्यार्थ्यांनी तोबा गर्दी केली. फोटो निघाले, बातम्या आल्या. अशा कार्यक्रमांचं मला वावडं नाही. आठवी-नववीतल्या मुलाला विज्ञानाची ओढ अशाच एखाद्या संध्याकाळी लागू शकते. पण त्या व्यासपीठावर दिसला तो तयार झालेला खेळ. संशोधन कसं चालतं, कुठे अडतं, कोण करतं हे तिथे दिसणं शक्यच नव्हतं.

ते दिसतं दुसरीकडे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्था सर्वांना दारं उघडतात. तिथे एखाद्या कोपऱ्यात पीएचडी करणारी मुलगी आपल्या पोस्टरशेजारी उभी असते. पोस्टरवर दोन आलेख, चार धूसर चित्रं आणि एक तक्ता. तिच्यापाशी गर्दी नसते. शाळेची रांग पुढच्या चुंबकाच्या प्रयोगाकडे सरकत असते. तिच्यापर्यंत पोचायचं कसं, तिला काय विचारायचं आणि घरी आल्यावर पुढे काय करायचं, हे मला सांगायचं आहे. दहावीपासून पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतची मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कोडिंग येत नसेल तरी हरकत नाही.

कुठे जायचं

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, कारण १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. १९८७ पासून तो देशभर साजरा होतो. पुण्यात आयुका (खगोलशास्त्राचं केंद्र), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा संस्था या दिवसाच्या आसपास ओपन डे ठेवतात. नेमकी तारीख आणि वेळ दरवर्षी बदलते, त्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र जुन्नर तालुक्यातलं खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून आत जायचं. इथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. विज्ञान दिनाला इथे जत्रेसारखी गर्दी लोटते. शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापले प्रकल्प मांडतात आणि दुर्बिणीवर काम करणारे लोक स्वतः माहिती द्यायला उभे असतात.

यात एआय कुठे आलं, असं वाटेल. इथेच नवख्यांची दिशा चुकते. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" अशी पाटी लावलेला स्टॉल शोधत फिरू नका. खोडदला गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण अवकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की मोबाइल, टीव्ही मनोरे, उपग्रह, विजेच्या तारा या सगळ्यांचा गोंगाट त्यांना गिळून टाकतो. मग नोंदवलेल्या माहितीतला माणसांचा गोंगाट कोणता आणि आकाशाचा आवाज कोणता, हे ओळखायचं कसं? पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारे मृत तारे, शोधताना संगणक हजारो "संशयित" पुढे करतो, त्यातले खरे फार थोडे. ही चाळणी लावायला आज जगभर मशिन लर्निंग, म्हणजे उदाहरणं दाखवून यंत्राला शिकवण्याची पद्धत, वापरतात. म्हणजे खोडदच्या एखाद्या साध्या पोस्टरसमोर तुम्ही खऱ्याखुऱ्या एआय संशोधनासमोर उभे असू शकता. हवामान, प्रथिनांची रचना, क्ष-किरण चित्रं, पिकांवरचे रोग, भाषा, सगळीकडे हेच. म्हणून पाटी वाचण्यापेक्षा एक प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा: "या कामात माहितीची छाननी यंत्र करतं का? कोणत्या टप्प्यावर?"

वर्षभरातल्या इतर जागाही आहेत. टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, "चाय अँड व्हाय?" हा मुंबईतला उपक्रम २००९ पासून चालू आहे. रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये किंवा माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात शास्त्रज्ञ बोलतात, लोक मधेच थांबवून विचारतात. ओपन डेच्या रेटारेटीत ज्यांना तोंड उघडवत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. आयुकाची शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं पुण्यात पिढ्यांना माहीत आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. मुंबईत चुनाभट्टीला तिचं भवन आहे आणि गावोगावी विभाग आहेत. तुमच्या जिल्ह्यातला विभाग शोधा, कारण पुण्याचं एसटीचं भाडं प्रत्येकाला परवडतंच असं नाही. गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सव होतो. सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा २६ सप्टेंबरच्या स्थापना दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांना बोलावतात आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच परिवारातली. बेळगाव-निपाणीकडच्या मुलांनी बेंगळुरूच्या आयआयएससीचा ओपन डे एकदा तरी पाहावाच. अख्खा परिसर त्या दिवशी खुला असतो. परदेशी असलेल्या आपल्या लोकांसाठी लंडनमध्ये जुलैच्या सुरुवातीला रॉयल सोसायटीचं विनामूल्य उन्हाळी प्रदर्शन भरतं. सातवीतल्या मुलालाही तिथे संशोधक मनापासून उत्तर देतात.

जाण्याआधी: मेथी आणि कोथिंबीर

रिकाम्या हाताने गेलात तर पाहून परत याल. आदल्या आठवड्यात एक छोटा प्रयोग केलात तर तुमच्याकडे विचारायला काहीतरी स्वतःचं असेल.

गुगलचं "टीचेबल मशिन" नावाचं विनामूल्य साधन ब्राउझरमध्ये चालतं. शाळेच्या संगणक कक्षात, कॅमेरा असलेल्या कोणत्याही संगणकावर जमेल. दोन कप्पे करा: एक मेथी, एक कोथिंबीर. सकाळच्या उजेडात ओट्यावर जुडी ठेवून प्रत्येकीचे पन्नास-साठ फोटो द्या. "ट्रेन"चं बटण दाबा. थोड्याच वेळात यंत्र दोन्ही भाज्या ओळखू लागेल. बराच आनंद होईल, आणि तो व्हावाच.

आता खरा प्रयोग. तीच मेथी रात्री ट्यूबलाइटखाली दाखवा. हातात धरून दाखवा. निवडून ताटात पसरलेली दाखवा. जुडी वर्तमानपत्रात अर्धी गुंडाळून दाखवा. शेपू दाखवा, जी तुम्ही त्याला कधी शिकवलीच नाही. यंत्र गोंधळेल, आणि शेपूला तर छातीठोकपणे मेथी किंवा कोथिंबीर म्हणेल, कारण "मला माहीत नाही" असा तिसरा कप्पा तुम्ही त्याला दिलेलाच नाही. प्रत्येक चूक वहीत लिहा: काय दाखवलं, काय म्हणालं, किती खात्रीने म्हणालं.

हे खेळणं वाटेल, पण यातून जो प्रश्न उभा राहतो तो संशोधनातलाच आहे. पिकांच्या रोगांवरच्या कामात प्लांटव्हिलेज नावाचा एक गाजलेला चित्रसंच आहे. १४ पिकं, २६ रोग, पानांचे ५४ हजारांहून अधिक फोटो. २०१६ मध्ये संशोधकांनी त्यावर शिकवलेल्या मॉडेलने (म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकीय यंत्रणेने) त्याच संचातल्या, पण शिकवताना न दाखवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता गाठली. तेच मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवलं तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संशोधकांनी हे स्वतःच आपल्या निबंधात लिहून ठेवलं. संचातली पानं झाडावरून काढून साध्या पार्श्वभूमीवर एकेक ठेवलेली होती. शेतात पान तसं भेटत नाही. ते दुसऱ्या पानाआड असतं, त्यावर धूळ असते, फवारणीचे डाग असतात, ऊन तिरपं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या १४ पिकांत टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, सोयाबीन आहेत. डाळिंब नाही. कांदा नाही. कापूस नाही, ऊस नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत "पानावरून रोग ओळखणारं अ‍ॅप" हा प्रकल्प हमखास भेटतो आणि बऱ्याच वेळा त्यामागे हाच संच असतो. सांगोल्याच्या मुलाने आपल्या बागेतल्या डाळिंबाचा तेलकट डाग सोडून परदेशी सफरचंदाच्या पानावर मॉडेल शिकवावं, हे मला बघवत नाही. जी उणीव आहे ती नेमकी तुमच्या बांधावर आहे.

पोस्टरसमोर उभं राहिल्यावर

सकाळी लवकर जा. अकरानंतर शाळांच्या बसगाड्या येतात आणि मग कोणालाच निवांत बोलता येत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा एक शांत पट्टा मिळतो. आधी एक फेरी न थांबता मारा, तीन पोस्टर निवडा, मग परत या. सगळं पाहायचा हट्ट सोडा. तीन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली तर दिवस कारणी लागला.

संशोधक आधी आपली पाठ झालेली दोन मिनिटांची माहिती सांगतील. ती नीट ऐका, मधे तोडू नका. त्यानंतर तुमची पाळी.

पहिला प्रश्न डेटाचा. "ही माहिती कुठून आली आणि तिच्यावर लेबलं कोणी लावली?" लेबल म्हणजे हा फोटो मेथीचा की कोथिंबिरीचा, हे माणसाने आधी सांगून ठेवणं. क्ष-किरण चित्रांवर डॉक्टरांनी लावली का? दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर काय केलं? या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो, कारण त्याचे कितीतरी महिने त्यातच गेलेले असतात आणि पाहुणे ते कधी विचारत नाहीत.

दुसरा प्रश्न चुकांचा: "हे कुठे चुकतं? चुकलेली दोन-तीन उदाहरणं बघायला मिळतील का?" चांगला संशोधक खुलतो. लॅपटॉप उघडून दाखवतो. "चुकतच नाही" असं कोणी म्हणालं तर आभार मानून पुढच्या पोस्टरकडे जा.

तिसरा आकड्यांचा. पोस्टरवर "९५% अचूकता" लिहिलेलं असतं. शंभर पानांत पाचच रोगट असतील, तर "सगळी निरोगी" असं डोळे मिटून सांगणारं यंत्रही ९५ टक्के बरोबर ठरतं, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचं शून्य. म्हणून विचारा: "एकूण नमुन्यांत रोगट किती होते? त्यातले किती सापडले? सगळ्यात साधी पद्धत वापरली असती तर किती आलं असतं?" ज्यांना थोडं अधिक खोलात जायचं आहे त्यांनी हेही विचारावं की शिकवायचे आणि तपासायचे नमुने वेगळे कसे केले. एकाच पानाचे दोन फोटो काढले आणि एक शिकवायला, दुसरा तपासायला गेला, तर ती परीक्षा फुटलेल्या पेपरची परीक्षा.

भाषेवर काम करणारे भेटले तर आपल्याकडचा प्रश्न हातात आहेच. "मराठीत किती चालतं?" एवढ्यावर थांबू नका. "वऱ्हाडीत बोललं तर? मालवणीत? अहिराणी बोलणारी आजी बोलली तर?" शक्य असेल तर तिथल्या तिथे बोलून दाखवा. मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात मिसळून बोललात, जसं आपण सगळेच बोलतो, तर काय होतं तेही पाहा.

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला मुलं सर्वांत जास्त कचरतात: "यातलं तुम्ही स्वतः नेमकं काय केलं?" हा उद्धटपणा नाही. आज बरीचशी मॉडेलं तयार मिळतात. त्यांच्यावर कोणी नवीन डेटा गोळा केला, कोणी शिकवण्याची पद्धत बदलली, कोणी फक्त तपासलं. प्रत्येक काम मोलाचं आहे, आणि संशोधनाचा एवढा मोठा डोंगर किती छोट्या छोट्या कामांचा बनलेला असतो हे याच उत्तरातून कळतं. त्यातलं एखादं छोटं काम तुम्हालाही जमण्यासारखं असतं. "माझ्यासारखा विद्यार्थी यात काय करू शकेल?" हे तिथेच विचारून टाका.

इंग्रजीची भीती बाळगू नका. महाराष्ट्रातल्या संस्थांत मराठी बोलणारं कोणी ना कोणी सापडतंच, नसेल तर हिंदीत विचारा. "ओव्हरफिटिंग"सारखा शब्द आला आणि कळला नाही, तर "म्हणजे काय, मेथीचं उदाहरण घेऊन सांगाल का?" असं म्हणा. तुम्ही घरी प्रयोग केला आहे हे ऐकल्यावर समोरचा माणूस खुर्ची ओढून बसवतो. गावाकडून आलेल्या मुली मैत्रिणीच्या मागे उभ्या राहून ऐकतात, हे मी नेहमी पाहतो. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं: प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि पाहून वाचा. वाचून विचारलेला प्रश्न कमी दर्जाचा नसतो. मोठ्या परिषदांतही लोक वहीत बघूनच विचारतात.

शिक्षकांना एक विनंती. चाळीस मुलांची रांग करून सर्व स्टॉलवरून फिरवू नका. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला एकच पोस्टर द्या आणि परतीच्या बसमध्ये प्रत्येक गटाने ते पोस्टर बाकीच्यांना समजावून सांगायचं, एवढं ठरवा. मुलं जिवाचा कान करून ऐकतात.

परतल्यावर दोन दिवसांत

त्याच रात्री वही उघडा. पोस्टरचं नाव, डेटा कुठला, कुठे चुकतं, आणि तुम्हाला न कळलेला एक शब्द. बस्स. फोटो काढले असतील तर त्यांची नावं बदलून ठेवा, नाहीतर आठवड्याने कोणता आलेख कशाचा ते कळत नाही. पोस्टरचा फोटो काढण्याआधी विचारावं. काही काम अजून प्रकाशित झालेलं नसतं.

मग पत्र. ज्यांच्याशी नीट बोलणं झालं, त्यांना ईमेल पाठवा. लांबलचक नको, आणि पहिल्याच पत्रात इंटर्नशिप तर मुळीच मागू नका. असं काहीसं:

"नमस्कार. विज्ञान दिनाला तुमच्या पोस्टरसमोर आपण बोललो होतो. मी अकरावीत आहे, नारायणगावहून. ढगाळ दिवसाच्या फोटोंवर तुमचं मॉडेल चुकतं असं तुम्ही म्हणालात. मी घरी मेथी-कोथिंबिरीवर छोटा प्रयोग केला, तिथेही उजेड बदलल्यावर चुका वाढल्या. तक्ता सोबत जोडला आहे. ढगाळ फोटो शिकवताना मिसळल्यावर नेहमी सुधारणा होते का, की कधी उलटंही होतं? सवडीने उत्तर दिलंत तर आनंद होईल."

यात ओळख आहे, त्यांच्या बोलण्याची आठवण आहे, तुमचं स्वतःचं थोडं काम आहे आणि उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. लोक कामात बुडालेले असतात. यात मान-अपमानाचा संबंध नाही. एआयकडून पत्र लिहून घेऊ नका. तशी गुळगुळीत पत्रं प्राध्यापकांना रोज ढिगाने येतात, आणि तुमच्या वेड्यावाकड्या चार ओळी त्यात उठून दिसतील.

हात लावायची वेळ

पुढच्या ओपन डेपर्यंत वर्ष जातं. ते वाया घालवायचं नसेल तर खऱ्या संशोधनाला हातभार लावण्याचे मार्ग घरबसल्या खुले आहेत.

माझी पहिली शिफारस ग्रॅव्हिटी स्पाय. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर २०१६ पासून चालू असलेला हा लोकसहभागाचा प्रकल्प आहे. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो वेधशाळा गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग, टिपतात. उपकरणं इतकी संवेदनशील की दूरचा ट्रक, भूकंपाची हलकी कंपनं, हॅनफर्डला तर एकदा नळीवरच्या बर्फाला टोची मारणारे डोमकावळेसुद्धा नोंदीत उमटले. या खोट्या झटक्यांना ग्लिच म्हणतात. त्यांची चित्रं स्वयंसेवकांना दाखवली जातात. तुम्ही आकार पाहून प्रकार सांगता: हा "ब्लिप", ही "व्हिसल", हा "कोई फिश". तुमच्या उत्तरांवरून यंत्र शिकतं आणि यंत्राला जिथे खात्री नाही ती चित्रं माणसांकडे परत येतात. "पेअर्ड डव्ह्ज" आणि "हेलिक्स" हे दोन नवे प्रकार तर स्वयंसेवकांनीच हेरले. त्यात विज्ञानाची पदवी नसलेले लोकही होते.

याचं आपल्याशी नातंही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. परभणी-हिंगोली-नांदेडकडे आज नववीत असलेली मुलगी ग्लिच ओळखायला आत्ताच शिकली, तर ती वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिच्याकडे काही वर्षांचा सराव असेल. मला ही शक्यता फार मोलाची वाटते.

दुसरा मार्ग भाषेचा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, दुसऱ्यांचे आवाज तपासताही येतात. जमा झालेला संच कोणालाही विनामूल्य वापरता येतो. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात "भाषादान" नावाने असंच काम चालतं. अल्पवयीन असाल तर पालकांना विचारून करा. आवाज ही तुमची ओळख आहे, ती कुठे आणि कोणत्या अटींवर जाते हे आधी वाचायची सवय आत्तापासून लागली पाहिजे. आजीचा आवाज द्यायचा असेल तर आजीला समजावून, तिची संमती घेऊनच.

पदवीला असाल तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचं काम पाहा. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकासोबत मराठीसाठी संच बनवले. २०२१ चा महासेंट म्हणजे सुमारे १६ हजार मराठी ट्वीट, प्रत्येकावर त्याचा सूर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ असं लेबल. महानेरमध्ये २५ हजार वाक्यं, त्यात माणसांची, गावांची, संस्थांची नावं हाताने खुणावलेली. हे संच आणि त्यांवरचे निबंध विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यातली शंभर ट्वीट घ्या, लेबलं झाकून स्वतः लावा आणि जुळवून पाहा. उपरोधाने लिहिलेल्या ट्वीटपाशी तुमचं आणि त्यांचं जमणार नाही. तिथे थांबा, का जमलं नाही ते लिहा. तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांनी, वर्गातल्याच बाकांवर बसून हे केलं आहे, हे विसरू नका.

आणि अर्थात तुमचा स्वतःचा संच. डाळिंब, कांदा, तूर, काजू, जे दारात आहे ते. फोटोसोबत तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणता वाण, कोणती फवारणी झाली होती, आणि रोगाचं नाव कोणी सांगितलं हे प्रत्येक वेळी लिहा. रोग कृषी सहायकाने किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाने ओळखलेला असला पाहिजे, तुमच्या अंदाजाने नाही. नीट नोंदी असलेले तीनशे फोटो इंटरनेटवरून ओढलेल्या तीन हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पुढच्या वर्षी तुमचा स्टॉल

खोडदच्या प्रदर्शनात, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, जिथे जमेल तिथे मांडा. नोंदणी आधी करावी लागते, म्हणून डिसेंबरातच चौकशी सुरू करा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: स्टॉलवर यंत्राची हुशारी दाखवण्याबरोबर एक चुकांची वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, "याला फसवून दाखवा." कोणी पान उलटं धरेल, कोणी कढीपत्ता दाखवेल, एखादी आजी शेंगदाण्याचं पान आणून विचारेल. प्रत्येक चूक पाहुण्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. लोक रेंगाळतात, आपसात वाद घालतात, आणि संध्याकाळी तुमच्या हातात असा चाचणी-संच असतो जो तुम्ही एकट्याने कधीच बनवू शकला नसतात.

इंटरनेट असेल तर दुसरा सोपा खेळ नावांचा. भाषेची मॉडेलं मजकूर तुकड्यांत तोडून वाचतात. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात आणि ते दाखवणारी विनामूल्य पानं नेटवर आहेत. पाहुण्याला आपलं नाव आधी रोमन लिपीत, मग देवनागरीत टाइप करायला सांगा. पुष्कळदा देवनागरीत जास्त तुकडे पडतात, विशेषतः जोडाक्षरं असतील तर. मग सांगा की जास्त तुकडे म्हणजे तेच वाक्य वाचायला यंत्राला जास्त काम, आणि तुकड्यांवर पैसे आकारणाऱ्या सेवेत जास्त खर्च. "ज्ञानेश्वर" आणि "लक्ष्मी" नावाचे पाहुणे हमखास चकित होतात.

फलक मराठीत लिहा. "डेटा", "मॉडेल", "लेबल" हे शब्द तसेच ठेवा, ते सगळ्यांना कळतात. मध्यभागी मोठ्या अक्षरात तीन गोष्टी: डेटा कुठून आणला, किती वेळा बरोबर आलं, कुठे चुकलं. चौथी ओळ मदत करणाऱ्यांची, आणि त्यात फोटो काढू देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, सर्वांत वर.

इथवर आलात की पुढचे दरवाजे उघडतात. गणिताची आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तयारी करायची तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मशिन लर्निंगचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. निवड झाली तर दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं. जाहिरात बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास येते. अर्जात "तुम्हाला काय करायचं आहे" हे थोडक्यात लिहायचं असतं. तिथे "मला एआयची आवड आहे" असं लिहू नका. चुकांच्या वहीतली तुम्हाला सर्वांत जास्त छळणारी एक चूक निवडा, ती का होते याबद्दलचा तुमचा अंदाज लिहा आणि तो तपासायला काय लागेल ते लिहा. शिफारसपत्र लागतं, ते सरांकडे किंवा मॅडमकडे निदान पंधरा दिवस आधी मागा, आणि मागताना ती वही सोबत न्या.